मार्मारोच्या फाटकांवरचा निळा दोर

कॅप्टन मिकेस चढण चढून येताना दिसला तेव्हा इसीदोरोस गडग्यापाशी उभा होता आणि त्याच्या हातात भलामोठा दगड होता. पिरेअस बंदरातल्या बोट कंपनीच्या कचेरीत खुर्ची मिळाल्यापासून या मिकेसला मार्मारो गावात कुणी टॅक्सीशिवाय पाहिलं नव्हतं. आज तो घाम पुसत पायी येत होता. म्हणजे चार माणसांना कळू नये असं काहीतरी काम होतं. इसीदोरोसने दगड मुद्दाम सावकाश बसवला, दोनदा हलवून बघितला आणि मगच मान वर केली.

गडगा रचणं हा त्याचा मूळचा धंदा. बोटीवर जायच्या आधी चार वर्षं तो बापाच्या हाताखाली हेच करत होता. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्यानंतर एकतीस वर्षं समुद्र. त्यातली शेवटची अकरा वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आता तीन महिने तो घरी होता. पूर्ण पेन्शनला नऊ महिने कमी पडत होते, म्हणजे फक्त एक सफर. आणि मालकाच्या बोटींवर कोण चढणार, कोण नाही, हे ठरवायचा हाच घामाघूम मिकेस.

"ये कॅप्टन, ये. रस्ता चुकलास की काय?"

"तुझी आठवण आली रे. शाळेतले दिवस..."

"शाळेत तू माझ्याशी बोलायचा नाहीस. बस."

मार्केलाने अंगणात खुर्ची मांडली. कॉफी आणली, थंड पाण्याचा ग्लास आणला आणि त्यात चमचाभर मस्तकीचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी डिंकाचा, गोड पांढरा गोळा बुडवून पाहुण्यापुढे ठेवला. दारात सैतान आला तरी ही बाई त्याला आधी गोड देणार आणि मगच विचारणार, का आलास?

"तुझं काम झालं बघ," मिकेस म्हणाला. "पुढच्या सोमवारी बोट सुटतेय. बोसनची जागा तुझ्यासाठी ठेवलीय. नऊ महिने. परत ये आणि खुशाल संत्री खात बस."

मार्केलाचा चेहरा उजळला. इसीदोरोसचा नाही.

"आणि?"

"आणि काही नाही. एक सही हवीय."

मिकेसने खिशातून कागद काढला. इसीदोरोसने तो चष्मा न लावता, हात लांब करून वाचला. कागदात असं होतं की, दोर ताणलेला असताना खलाशी झान्निस बेलेयास हा, बोसनने हटकूनही, दोराच्या रेषेत उभा राहिला. आणि तुटलेला दोर होता अवघा चौदा महिन्यांचा, उत्तम स्थितीतला.

इसीदोरोसची कानशिलं तापली. चार महिन्यांपूर्वी काळ्या समुद्रावरच्या एका धक्क्याला बोट बांधताना तो दोर फाडकन तुटला आणि उलटून आला. झान्निसचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला. झान्निस म्हणजे खालच्या गल्लीतला, देस्पिनाचा नवरा. चौतीस वर्षांचा गडी, अजून पिरेअसच्या इस्पितळात पडलेला. तो चुकीच्या जागी उभा नव्हता. जिथे इसीदोरोसने उभं केलं होतं तिथेच उभा होता. ही गोष्ट इसीदोरोसला रोज सकाळी डोळे उघडताच आठवायची, आणि त्याला स्वतःची लाज वाटायची. दोर कुजलाय हे त्याला ठाऊक होतं. नवा पाठवा म्हणून त्याने तीनदा लिहून दिलं होतं. तरी त्या दिवशी त्याने तोच दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, चढवला, कारण दुसरा नव्हता.

"मी त्याला हटकलं नव्हतं," तो म्हणाला.

"कुणाला आठवतंय रे आता?"

"मला."

"हे बघ, पाय काही परत येणार नाही. मालक झान्निसला वाऱ्यावर सोडणार नाहीत, काहीतरी देतील हातावर."

"काहीतरी! चूक त्याची असं मी लिहून दिल्यावर भिकाऱ्याला देतात तसं काहीतरी. आणि त्याच्या खलाशीपुस्तकात काय राहील? निष्काळजी माणूस. पंधरा वर्षांच्या नोकरीत ज्याने एक गाठ चुकीची मारली नाही तो निष्काळजी. वा रे वा!"

मिकेस आवाज न चढवता बोलत होता. कचेरीत तेच शिकवतात. "सही नाही तर सोमवारची जागाही नाही. आणि कुठल्याच बोटीवर जागा नाही. पिरेअसमध्ये मी दोन फोन केले की झालं. वय बघ आपलं. या वयात दगड उचलणार आहेस?"

मार्केला दोघांकडे बघत होती. एकतीस वर्षं हिने नवऱ्याची वाट बघितली. छप्पर हिने शाकारलं, सासू हिने सांभाळली, दोन पोरींची लग्नं एकटीने लावली. त्या नऊ महिन्यांवर तिनेही बेत केले होते. इसीदोरोसला ते माहीत होतं, म्हणून त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मार्केला, तूच समजाव याला," मिकेस म्हणाला.

मार्केलाने पुढे होऊन मस्तकीचा ग्लास त्याच्यासमोरून उचलला. चमचा त्याच्या तोंडाजवळ पोचला होता, तोही तिने हातातून काढून घेतला.

"हे पाहुण्यांसाठी असतं, कॅप्टन," ती म्हणाली. "तुम्ही कामासाठी आलात."

इसीदोरोसला हसू आवरेना. आयुष्यात तिने कुणाच्या तोंडचं गोड काढून घेतलं नव्हतं. त्याने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि मिकेसच्या वरच्या खिशात, रुमालामागे, तो नीट बसवला.

"आता माझं ऐक. दोर चौदा महिन्यांचा म्हणतोस ना? तुम्ही तारेने कळवलंत, तुटलेला दोर समुद्रात टाका. कॅप्टन मिकेस, कचेरीत बसून तुझं डोकं पार कामातून गेलं रे! या गावच्या कुठल्या खलाशाने आजवर दोर समुद्रात टाकलाय? तुझ्या आईची कपडे वाळत घालायची दोरी कुठून आली होती?"

ती दोरी मिकेसनेच आणली होती. पहिल्या सफरीहून, मोठ्या अभिमानाने, खांद्यावर टाकून.

"चाळीस मीटर आणला मी. पोत्यात भरून. ते बघ."

मिकेसने वळून बघितलं. अंगणाचं लाकडी फाटक निळ्या दोराने खांबाला बांधलेलं होतं. अंगठ्याएवढा जाड एकच पेड होता तो. मनगटाएवढा दोर फाटकाला कसा बांधणार? म्हणून गावात दोर उसवून त्याचे पेड सुटे करतात. येताना मिकेसने याच फाटकाला हात लावला होता, आणि त्याला काही दिसलं नव्हतं.

इसीदोरोस फाटकापाशी गेला, पेडाला उलटा पीळ दिला आणि आतून एक बारीक पिवळी फीत नखाने बाहेर ओढली. दोर करणारे कारखाने तीनपैकी एका पेडात ती घालतात. तिच्यावर कारखान्याचं नाव असतं आणि साल असतं.

"वाच. चष्मा देऊ?"

मिकेसने वाचलं. दोर नऊ वर्षांचा होता.

मग त्याचा आवाज एकदम गोड झाला. "इसीदोरोस, हा तुकडा मला दे. सहीचं राहू दे. सोमवारची जागा तुझी. शब्द देतो."

आता नुसतं हो म्हणायचं होतं. कागद नाही, खोटं नाही, एक जुना दोर द्यायचा आणि बोट गाठायची. झान्निसला कळलंही नसतं. एक क्षण इसीदोरोसच्या मनात ते सगळं येऊन गेलं, नाही असं नाही.

"घे," तो म्हणाला.

"अरे!" मार्केला ओरडली.

त्याने गाठ सोडली, पेडाची नीट गुंडाळी केली आणि मिकेसच्या हातात ठेवली. "घेऊन जा. जागा मात्र दुसऱ्या कुणाला तरी दे. मला गडगे रचायचेत."

मिकेसला नीटसं कळलं नाही, पण दोर मिळाला होता. गुंडाळी कोटाखाली दाबून तो भराभर बाहेर पडला. मार्केला नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू पहिला दगड कुठे मारू हे ठरवत होती.

"थांब जरा," इसीदोरोस म्हणाला. "बघ मजा."

मिकेस दहा पावलं उतरला आणि थबकला. शेजारच्या इरिनीचं फाटक निळ्या पेडाने बांधलेलं होतं. पलीकडे निळ्या पेडानेच बांधलेली एक शेळी गवत खात त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पुढे अंजिराच्या झाडाला झोपाळा होता, निळा. आणि गल्लीच्या टोकाला, जिथे झान्निसचं घर होतं, तिथे देस्पिना निळ्या दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिने मिकेसला ओळखलं. नमस्कार केला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती फक्त बघत राहिली.

इसीदोरोस गडग्यावर चढला आणि बोटीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारतात त्या आवाजात ओरडला. "फीतवाला पेड चाळीस मीटर होता, कॅप्टन! बारा घरांत वाटलाय! आणि तुटलेलं टोक तीन आठवड्यांपूर्वी झान्निसच्या वकिलाकडे गेलंय!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मिकेसने वर बघितलं नाही. कोटातली गुंडाळी त्याला आता धरवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. तशीच काखेत घेऊन तो देस्पिनासमोरून खाली मान घालून उतरत गेला.

"आणि आपले नऊ महिने?" मार्केलाने विचारलं.

"गेले."

"बरं," ती म्हणाली. मस्तकीचा ग्लास अजून तिच्या हातात होता, तो तिने त्याच्यापुढे केला. "हे खा आणि आधी फाटक बांध. शेळी आत येईल."

"कशाने बांधू? दोर तर दिला."

मार्केला देस्पिनाकडून वीतभर निळा पेड मागून आणायला निघाली.