निम्मी फुंक

त्याने फुंकर घातली आणि बासरीतून नुसता वारा बाहेर पडला. पुन्हा घातली, पुन्हा वारा. तिसऱ्यांदा सूर उमटला खरा, पण रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकावं तसा. डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून त्याने खिडकीची चौकट धरली.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "तुम्ही अजून ढकलताय."

बाई त्याच्या निम्म्या वयाच्या. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्या बोटांनी दाबायच्या चाव्यांची, धातूची बासरी शिकवायच्या. त्याची खोड त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. सॅक्सोफोनवाला मुखनळी तोंडात घेतो, दात टेकवतो आणि सगळा दम आत लोटतो. बासरी तोंडात घ्यायचीच नसते. भोकावरून फुंक सोडायची. निम्मी आत जाते, निम्मी वाया जाते, आणि ती वाया जाऊ द्यायची. उभ्या आयुष्यात त्याने फुंक वाया घालवली नव्हती, त्यामुळे इथे त्याच्या नाकी नऊ आले होते. वरचा सूर काढायचा म्हटलं की त्याचा डावा अंगठा आपोआप चावी शोधायचा. सॅक्सोफोनला त्यासाठी चावी असते. बासरीवर ते काम ओठांनी करायचं, आणि ओठ ऐकत नव्हते.

तो नाटकगृहात वाजवायचा. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादक बसतात, त्यांत सॅक्सोफोन त्याचा, मिसरूड फुटल्यापासून. नव्या नाटकाच्या गाण्यांना बासरीही लागणार होती आणि मालक वेगळा बासरीवाला ठेवायला तयार नव्हते. वादकांच्या मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन्ही वाद्यं एकाच माणसाने वाजवायची आहेत, तालमी सुरू होईपर्यंत शिकून घे, नाहीतर माझा नाइलाज आहे. मास्तर मनाने वाईट नव्हते. बोलताना ते सारखे स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

बाईंना त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पूर्वी कधीतरी सॅक्सोफोन वाजवायचो, आता वेळ जात नाही म्हणून शिकतोय, अशी थाप मारली होती. पन्नाशी उलटल्यावर नोकरी टिकवायला पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागतेय, हे सांगायची त्याला लाज वाटली. लाज वाटली की माणूस खोटं बोलतो आणि मग ते निभावत बसतो.

घरी बायकोने आधी थट्टा केली होती, की अहो, पाहुणे यायच्या आत तेवढी बाटली फुंकून घ्या. मग थट्टा बंद झाली. हल्ली सूर फाटला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा आणि थोड्या वेळाने मुकाट सुरू व्हायचा. त्यापेक्षा थट्टा परवडली. हे आपल्याला जमणार नाही, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं. तरी तो शिकवणीला येत होता, कारण यायचं थांबवलं असतं तर ते खरं झालं असतं.

आज शिकवणी संपल्यावर बाईंनी पलंगाखालून एक पेटी ओढली. आत सॅक्सोफोन होता, उसना आणलेला. एका नाटकगृहाचे मास्तर भेटून गेले, त्या सांगू लागल्या. गाण्यांचं नवं नाटक आहे, दोन्ही वाद्यांना एकच माणूस हवाय. बासरी येतेच तुम्हाला, सॅक्सोफोन तेवढा शिकून घ्या, असं म्हणाले.

"आधीचे कुणी आहेत म्हणे, त्यांना बासरी जमत नाही," बाई म्हणाल्या. "कसंतरीच वाटतं मला. पण हे काम मला हवंय, काका. तुम्ही वाजवायचात ना? जरा दाखवाल?"

त्याने सुट्या केलेल्या बासरीचा पुसलेला तुकडा पुन्हा पुसला. मग तो हो म्हणाला.

बाईंनी फुंकलं. वाद्य किंचाळलं.

"दातांनी दाबूनच धरायचं ना?"

तो हो म्हणाला असता तर काम झालं असतं. त्या दाबत राहिल्या असत्या, सूर चिरकाच राहिला असता, आणि तोंडाला लागलेली सवय सुटता सुटत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"नाही," तो म्हणाला. "वरचे दात नुसते टेकवा. जबडा सैल. फुंक सगळी आत जाऊ द्या."

सूर आला. भरलेला, स्वच्छ, कुठेही न हलणारा. खाली शिंप्याचं यंत्र थांबलं. त्याला त्या सुराचा राग यायला हवा होता, पण सूर चांगला होता, आणि चांगल्या सुरावर रागावणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त रडू येत होतं.

"जमेल मला?"

"जमलंच आहे." तो उठला आणि वाद्य गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचं बक्कल त्यांच्या मानेमागे सारखं करू लागला. "उभ्याने ठीक आहे. तिथे बसल्यावर पट्टा दोन बोटं आखूड करा. कोपऱ्यातल्या खुर्चीचे पाय कापलेत, रंगमंचाची कड डोक्याला लागायची म्हणून. पट्टा लांब राहिला तर वाद्य जमिनीला घासतं."

बाईंची बोटं चाव्यांवर तशीच राहिली. त्यांनी मान वळवली नाही.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "नाटकगृह कुठलं, ते मी सांगितलंच नव्हतं."

बक्कल बसल्याचा बारीक आवाज झाला. त्याने आपली खुर्ची त्यांच्या मागे सरकवली.

"आता बसून वाजवा," तो म्हणाला.