तुळशीच्या कुंडीतले खडे

सुनीतीला जाऊन सात महिने झाले. तेहतीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तांदूळ निवडायची आणि खडे बशीत ठेवायची. ते गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकणं, एवढंच घरातलं काम मला नेमून दिलेलं होतं. बाकी माझं आयुष्य इथल्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात गेलं.

आमची मुलगी नंदिता पोन्नेरीला सरकारी कॉलेजात मत्स्यविज्ञान शिकते. शेवटचं वर्ष आहे. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. पण तिला प्रवेश मिळाला तेव्हा सुनीती म्हणाली होती, "शिकायचंच आहे, खायचं थोडंच आहे?" नंदिता हॉस्टेलवर राहते, शनिवारी घरी येते. एरवी मी टीव्ही लावून ठेवतो. बघत नाही.

एका रविवारी सकाळी मी दूध घेऊन आलो. खिडकीशी बशी होती, बशीत सहा पांढरे खडे. मी ते नेऊन कुंडीत टाकले, वर तांब्याभर पाणी घातलं. बशी धुताना लक्षात आलं, तांदूळ निवडणारं आता घरात कोणी नाही.

नंदिता केस पुसत आली. "बाबा, बशीतलं कुठे गेलं?"

"खडे? टाकले."

"अय्यो बाबा! ते माशाच्या कानातले होते!"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती खालीच बसली. मग तिनं सांगितलं. माशाच्या डोक्यात कानाच्या जागी असे खडे जोडीनं असतात. कापून भिंगाखाली धरले की आत वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात, त्यावरून माशाचं वय कळतं. पहाटे कासिमेडूच्या मासेमारी बंदरावर जाऊन तिनं तीन मोठे मासे मिळवले होते आणि तिथेच त्यांच्या डोक्यांतून हे खडे काढून आणले होते. सोमवारी खडे सरांना दाखवायचे होते. नाही दाखवले तर प्रकल्प पुढच्या सत्रावर, म्हणजे डिग्रीही पुढे.

"टाकले कुठे?"

"तुळशीत."

ती उठून कुंडीपाशी गेली. मग म्हणाली, "वरवरची माती बघू. झाड नको काढायला. आईनं लावलंय."

वरच्या मातीत एकच सापडला. माती भेगाळलेली होती, बाकीचे पाण्याबरोबर खाली गेले असणार. सात महिने मी घरात ती तुळस एवढीच नीट सांभाळली होती. मी तुळस धरली आणि मुळासकट वर काढली. कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली, पिठाची चाळणी आणली.

"बाबा, आई असती तर आपल्याला घराबाहेर काढलं असतं."

"चाळणीसाठी. माशासाठी नाही."

समोरच्या गॅलरीतून विजयलक्ष्मी मामी तमिळमधून ओरडल्या, "सार, रविवारी तुळशीला हात लावतात का?"

"मामी, बाबा मासे शोधतायत!" नंदिता म्हणाली.

मामींनी आत जाऊन दार लावून घेतलं.

मातीतून सुनीतीचे खडेही निघाले, मूठभर. नंदिता एकेक नखानं तपासून बाजूला सारत होती. माशाचे गुळगुळीत होते, एका बाजूला खाच. दुपारपर्यंत पाच मिळाले. तीन माशांच्या खड्यांचे आकार वेगळे होते, त्यामुळे कुठला कुणाचा ते तिला कळलं. एकाचा जोडीदार राहिला.

"चालेल. एका माशाला एक पुरतो," ती म्हणाली.

सुनीतीचे खडे मी परत कुंडीत घातले आणि तुळस लावली. संध्याकाळी निघताना नंदिता म्हणाली, "आता महिनाभर जमणार नाही बाबा. परीक्षा आहे. जेवत जा."

मंगळवारी पाणी घालताना सहावा खडा वर आलेला दिसला. मी लगेच फोन केला.

"पाच पुरले. सर खूश आहेत," ती घाईत होती.

"मग याचं काय करू?"

"ठेवा. आल्यावर बघू. फक्त टाकू नका."

तुळशीनं पानं टाकलीत, एक फांदी हिरवी आहे. तो खडा खिडकीशी बशीत आहे. रोज मी वाटीभर तांदूळ निवडतो. खडा निघालाच तर दुसऱ्या बशीत ठेवतो.