आधी हात दे

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. एवढं लांबलचक नाव घेऊन मला घरात कुणी हाक मारत नाही. सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल. एक पांढरा डबा, आता पिवळट झालेला, एक काळी नळी आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा. बटण दाबलं की मी घुर्र करून फुगतो, माणसाचा दंड घट्ट धरतो आणि मग हळूहळू सोडतो. माझं अख्खं आयुष्य एवढ्यातच गेलं. सांगायला हे फार थोडं वाटतं, पण रोज सकाळी कुणाचा तरी दंड धरायला मिळणं हे मला तरी भाग्याचंच वाटत आलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक यंत्र आधी स्वतःच्या दंडाला लावून बघत असे. मी धरलेला पहिला दंड तिचा. ती तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईशी भांडत होती, त्यामुळे आकडा जरा चढाच आला. तिने माझ्यावर 'योग्य' असा शिक्का मारला आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

तिथून मी औषधांच्या दुकानात गेलो आणि दुकानातून आजोबांनी मला घरी आणलं. त्यांचं हृदय नाजूक होतं, तोंड मात्र ठणठणीत होतं. रोज सकाळी ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि आजी पट्टा बांधत असे, कारण आजोबा तो हमखास उलटा बांधत. "बोलू नका, आकडा चुकतो," आजी म्हणायची. दिवसभरात आजोबा गप्प बसण्याची तेवढीच एक वेळ होती. आजी ती पुरेपूर उपभोगायची.

"बघ, अजून चालू आहे," पट्टा सुटला की आजोबा म्हणत.

"मशीन की तुम्ही?"

"दोघंही."

मग एका हिवाळ्यात आजोबा गेले. मला जेवणघरातल्या खणात ठेवण्यात आलं. सोबतीला एक बंद पडलेली बॅटरी आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. कुणी मला हेटाळून तिथे ठेवलं नव्हतं. माझ्याकडे बघवत नव्हतं, इतकंच. घरातले आवाजही तेव्हापासून खाली आले. दारं हळू लागायची, टीव्ही पुटपुटायचा. माणसं चवड्यांवर चालायची, जणू आजी कायमची झोपलेलीच आहे.

अशाच एका संध्याकाळी, सगळे जेवत असताना, आजी म्हणाली, "मला स्कीइंगला जायचंय."

बाबांचा चमचा हवेतच थांबला. बाबा म्हणजे आजीचा मुलगा. ते लिफ्ट तपासनीस आहेत. चालतं यंत्र बघून इतरांना बरं वाटतं, बाबांना मात्र ते आता नेमकं कुठे बिघडणार आहे याची काळजी लागते.

"आई, स्कीइंग म्हणजे बर्फावरून घसरायचं असतं."

"माहीत आहे. टीव्हीवर दाखवलं. उंच डोंगरावर गाव आहे, दिवे काय, गाणी काय! त्यात माझ्याच वयाची एक लाल टोपीवाली होती. ती धाडकन आपटली आणि बर्फात बसून हसत सुटली. नंतर त्याच अवजड बुटांत गच्चीवर नाचत होती. भर दुपारी!"

"आजी, मी पण येणार!" नात ओरडली. तिला सगळे ठिणगी म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

"रस्ता मोकळा दिसतोय," ठिणगीची आई म्हणाली. आई रेडिओवर रहदारीची माहिती देते. कुठे काय तुंबलं आहे हे शांत आवाजात सांगायची तिला सवय आहे, आणि या घरात ती उपयोगी पडते.

बाबांनी सुट्टीची आखणी अंगावर घेतली. त्यांनी कुठलीही गोष्ट अंगावर घेतली की ती आधी सुरक्षित होते आणि मग तिच्यातला रस जातो. जेवणाच्या टेबलावर डोंगराचा भला मोठा नकाशा पसरला गेला. हिरवे उतार नवशिक्यांचे, निळे सोपे, लाल अवघड, आणि काळे म्हणजे मृत्युपत्र करून जायचे, असं बाबांनी समजावलं. ठिणगीने लगेच काळ्यावर बोट ठेवलं. बाबांचं बोट मात्र नकाशावरून खाली खाली घसरत दरीतल्या एका गावावर जाऊन थांबलं.

"हे बघ आई, इथे राहू. छान शांत गाव आहे. केबलकारच्या खालच्या स्टेशनसमोर बाक आहेत. बाकावर बसून सगळी शिखरं दिसतात."

"शांतता?" आजी म्हणाली. "ती इथे काय कमी आहे? हवी तर वाटीत घालून देते. तुम्ही सगळे इतके हळू चालता की मला वाटतं, मीही गेले की काय!"

मग बाबांनी शेवटचं अस्त्र काढलं. "अगं, पण वर हवा विरळ असते. तुझं बी.पी.?"

अशा रीतीने मी खणातून बाहेर आलो. मला नवे सेल मिळाले, पट्टा धुऊन उन्हात वाळवला गेला. ठरलं ते असं: महिनाभर रोज सकाळी आजीचा रक्तदाब मोजायचा. तो नीट राहिला तर वरचं गाजतं गाव, नाहीतर खालचा बाक. मित्रांनो, एका म्हातारीचं नाचणं माझ्यावर अवलंबून होतं. याआधी माझ्यावर एवढी जबाबदारी कुणी टाकली नव्हती.

आजी रोज मुकाट्याने हात पुढे करायची. मी धरायचो, सोडायचो, आणि आकडा असा सरळ यायचा की शाळेत नमुना म्हणून लावावा. आजी तयारीलाही लागली होती. दूध तापत असताना ती ओट्याला धरून गुडघे वाकवून उभी राहायची. ठिणगी तिची शिक्षिका होती. ती लोकरी मोजे घालून दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरायची. "आजी, पायांची टोकं आत! आत म्हणजे थांबायचं!" एकदा आजीने टोकं आत घेतली, पण दूध थांबलं नाही.

आकडे चांगले येऊ लागले तसे बाबा अधिकच कासावीस झाले. टेबलावर रोज नवा वाद रंगायचा. कधी हॉटेल, कधी विमा, कधी हेल्मेट. बाबांचा आवाज चढायचा, मग ते कपाळ दाबत बसायचे. माझ्याकडे तर ते संशयानेच बघायचे.

"हे मशीन जुनं झालंय," ते शेवटी म्हणाले. "आकडा अडकलाय. जुन्या लिफ्टचंही असंच होतं. वर गेली तरी तळमजलाच दाखवते."

"मग दुसऱ्या कुणावर लावून बघू," ठिणगी म्हणाली. "बाबा, तुमचा हात द्या."

"माझा कशाला? मला काय झालंय?"

"म्हणूनच."

बाबांनी बाही वर केली. इतकी वर्षं मी या घरात होतो, पण हा दंड कधी माझ्याकडे आला नव्हता. मी धरला आणि मला आजोबा आठवले. तीच रुंदी, कोपराच्या वर तोच खळगा. मी फुगलो, पण पुरलं नाही. थांबलो आणि पुन्हा फुगलो, आधीपेक्षा जास्त. मग हळूहळू सोडत गेलो. मला कळलं ते मी पडद्यावर लिहिलं. माझ्याकडे गोड शब्द नाहीत, आकडेच आहेत.

आजीच्या हातातला नॅपकीन खाली पडला. आईने आकडा वाचून दाखवला; इतक्या शांत आवाजात ती रेडिओवरही बोलत नाही.

बाबांचा चेहरा मात्र उजळला. "बघा!" ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना? साफ बिघडलंय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टरबाईंकडे नेलं. आजीही सोबत होती, कारण बाबांच्या मते खटला तिचा होता आणि मी आरोपी. डॉक्टरबाईंनी बाबांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग स्वतःचं यंत्र काढलं आणि बाबांच्या दंडाला लावलं. त्यांना थोडा वेळ गप्प बसवून पुन्हा लावलं. मग दुसऱ्या हाताला. शेवटी माझा पट्टा बांधला आणि दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरून पाहिले.

"मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बघावं लागेल."

"कामाचा ताण असेल," बाबा म्हणाले. "आणि आईची काळजी."

"आईंचा रक्तदाब उत्तम आहे. त्यांना खुशाल जाऊ द्या, फक्त सोप्या उतारावर आणि शिकवणाऱ्याचा हात धरून. तुमच्या तपासण्या करायच्या, गोळ्या उद्यापासून. हे आटोक्यात येऊन स्थिर राहीपर्यंत तुम्ही उंचावर जायचं नाही. स्कीइंग तर नाहीच."

त्या संध्याकाळी नकाशा टेबलावर तसाच पडून होता. "सगळं रद्द करू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच अगदी खाली आला होता.

"रद्द कशाला?" आजी म्हणाली. "खालचं गाव आहे ना. छान, शांत. बाक आहे, शिखरं दिसतात. तूच सांगत होतास."

बाबांनी आजीकडे पाहिलं. आधी ठिणगी हसली, मग आई, आणि शेवटी बाबाही.

"एका मार्गावर दुरुस्तीचं काम चालू आहे," आई म्हणाली. "पण वाहतूक बंद नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तीच खुर्ची. बाबा पट्टा उलटा बांधत होते, तो तिने काढून सरळ बांधला.

"आई, मला वाटायचं, बाबांसारखं तुझंही..."

"बोलू नकोस. आकडा चुकतो."

मी फुगलो. आजी त्या दंडाकडे बघत राहिली. माझा पट्टा सैल झाल्यावर ती म्हणाली, "तुला भीती वाटत होती ते माहीत होतं मला. म्हणून तर महिनाभर रोज हात पुढे करत होते. मला कुठे मोजून घ्यायची हौस होती? तुला झोप लागावी म्हणून."

त्यानंतर रोज सकाळी आधी बाबांचा हात आणि मग आजीचा. गोळ्या सुरू झाल्या, जेवणातलं मीठ कमी झालं, त्यावर बाबांनी बरीच कुरकुर केली आणि आकडा हळूहळू खाली येऊ लागला. पण वर जायची परवानगी काही निघण्याआधी मिळाली नाही. सामान भरताना आजीने मला जाड मोज्यांच्या मधोमध ठेवलं.

ते शांत गाव खरोखरच शांत होतं. केबलकार सुटण्याआधी बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, "दोर शेवटचा कधी तपासला?"

"आज सकाळी."

"कुणी?"

"अरे, बसू दे की आम्हाला!" आजी आतून म्हणाली. दार लागलं आणि ती, आई आणि ठिणगी वर गेल्या.

बाबा बाकावर बसले. मी त्यांच्या मांडीवर होतो. मित्रांनो, वर काय काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी खालीच होतो. वाऱ्याबरोबर अधूनमधून गाण्याचा तुकडा यायचा आणि विरायचा. बाबा वर जाणाऱ्या प्रत्येक डब्याकडे बघत होते. शिखरांकडे त्यांनी काही पाहिलं नाही. कुणाला तरी धरून ठेवायची सवय असली की सोडणं फार कठीण जातं. मला ते कळतं. पण माझा आकडा धरताना नाही, सोडतानाच कळतो.

उन्हं कलल्यावर आजी खाली आली. डोक्यावर लाल टोपी होती, ती कुठून आली कोण जाणे. पाठीला बर्फ चिकटलेला, गाल टोपीच्या रंगाचे, एक हातमोजा गायब.

"आपटलीस?" बाबा उठून उभे राहिले.

"दोनदा."

"लागलं का? आणि नाचलीस का?"

आजी बाकावर टेकली. तिने उरलेला हातमोजा दातांनी ओढून काढला, बाबांना खाली बसवलं आणि त्यांच्या मांडीवरून मला उचललं.

"सगळं सांगते," ती म्हणाली. "आधी हात दे."

मित्रांनो, मी आता खूप जुना झालो आहे. नळीला चीर गेली आहे, तिच्यावर पट्टी चिकटवली आहे. माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. दुसरी अशी की तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे सगळ्यांना औषध घेतलंस का, स्वेटर घातलास का, पोचल्यावर कळव असं म्हणत फिरतं. त्या माणसाचा हात सहसा कुणी मागत नाही. तुम्ही मागा. ते म्हणेल, मला काय झालंय? तरी पट्टा बांधा, सरळ बांधा आणि शेजारी बसा.

आणि तेवढा वेळ कुणी बोलू नका. आकडा चुकतो.