दहा बरगड्या

देवयानीला कुणावर ओरडता येत नसे. चाळिशी ओलांडल्यावर, लेक हायस्कूलला गेल्यावर, तिने अमेरिकेतल्या एडिसनजवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टच्या कोर्सला नाव घातलं. पोळ्या लाटता लाटता दोनशे सहा हाडांची नावं घोकली आणि विशीतल्या पोरांना मागे टाकून वर्गात पहिली आली. गाडी अडली ती आवाजापाशी.

छातीचा फोटो काढताना पेशंटला दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगायचं आणि नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. छाती नीट भरली असेल, तर फोटोत एका बाजूला दहा बरगड्या मोजता येतात. देवयानी म्हणायची, "इफ यू डोन्ट माइंड, प्लीज, जरा डीप ब्रेथ घ्याल का..." ही आर्जवं संपेपर्यंत पेशंट श्वास घेऊन, सोडून मोकळा झालेला असे. प्रॅक्टिकलच्या दोन्ही प्रयत्नांत आठच बरगड्या आल्या. फोटो पुन्हा काढावा लागला की प्रयत्न बाद. आता शुक्रवारी तिसरा आणि शेवटचा. तो हुकला तर अख्खं वर्ष परत करायचं.

"डेव्ही, तू पेशंटची परवानगी मागतेस," हॉस्पिटलमधली इन्स्ट्रक्टर मार्सेला म्हणाली. ती मनाने मऊ आणि जिभेने फटकळ. "परवानगी नको. ऑर्डर दे."

शुक्रवारी साडेनऊला गाऊनच्या नाड्या सावरत पेशंट आत आला. मराठी मंडळाचे पुरुषोत्तम काका! रोज सकाळी चाळीस जणांचा ऑनलाइन प्राणायाम घेणारे, मंडळाचे अध्यक्षही ज्यांच्यासमोर हळू बोलतात ते. तीन आठवडे खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं.

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगता का, काका?"

"अगं, माझ्या पंचाहत्तरीचा केक तूच कापून वाटलास ना?"

"हो, पण विचारावंच लागतं. रूल आहे."

काकांनी मार्सेलाकडे बघत खणखणीत आवाजात नाव-तारीख सांगितली. कोपऱ्यात उभ्या मार्सेलाने कागदावर खूण केली. देवयानीने काकांची छाती उभ्या फळीला टेकवली, हनुवटी वर केली, हात कमरेवर ठेवून खांदे पुढे ढकलले.

"मी सांगेन तेव्हा श्वास घेऊन रोखायचा हं."

"श्वासाचं तू मला शिकवू नकोस. तीस वर्षं तेच करतोय मी."

ती काचेमागे गेली. मार्सेलाही मागोमाग आली. देवयानीने बटण अर्धं दाबलं. मशीन घुमू लागलं.

"काका, दीर्घ श्वास घ्या... रोखा."

काकांची छाती भात्यासारखी भरली. ती बटण पूर्ण दाबणार, तोच काकांचा उजवा हात सवयीने कमरेवरून सुटला आणि थेट नाकाशी गेला. अंगठा एका नाकपुडीवर, अनामिका दुसरीवर. कोपर फळी आणि छातीच्या मधे, बरोबर फुप्फुसासमोर! आणखी एक दाब, की फोटोत काकांचं कोपर आणि देवयानीचं वर्ष पाण्यात.

"काका, हात खाली!" देवयानी ओरडली. "नाक सोडा! हात कमरेवर! हलू नका!"

एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात कुठे होता, तिलाच कळेना. काकांचा हात शाळकरी पोरासारखा खाली आला. श्वास मात्र आतच होता. तिने बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो उमटला. ती बोटाने मोजू लागली. आठ, नऊ, दहा... अकरा! तीस वर्षांचा प्राणायाम दिसत होता तो. तिला मार्सेलाला मिठीच मारावीशी वाटली. मार्सेलाने मात्र पेनाने काचेवर टकटक केलं. पलीकडे काका तसेच उभे, कान लालबुंद.

"अगंबाई! सोडा, काका, श्वास सोडा!"

मार्सेलाच्या कागदावर सगळ्या खुणा झाल्या होत्या. एकच चौकोन रिकामा होता, पेशंटला श्वास सोडायला सांगितलं का, हा. तिचं पेन त्यावर थांबलं. देवयानीचे डोळे भरून आले.

काका खोकत बाहेर आले. काय चाललंय ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. "मॅडम, आय वॉज व्हेरी कम्फर्टेबल. वन मोर मिनिट, नो प्रॉब्लेम. डोन्ट कट हर मार्क्स!"

मार्सेला खदखदून हसली. चौकोनात तिने लिहिलं, 'उशिरा, पण सांगितलं.' आणि खाली सही ठोकली. पास.

"काका, सॉरी," देवयानी डोळे पुसत म्हणाली. "मी तुमच्यावर ओरडले."

"मग काय झालं? बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं गं," काका म्हणाले. "बरं वाटलं."

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा देवयानीला नियम. काकांना तो नव्हता. त्यांनी मंडळात सगळ्यांना रंगवून सांगितलं. त्या दिवशी फोटो झाल्यावर ते कपडे बदलून कॉरिडॉरमध्ये बुटाची नाडी बांधत होते. आत एक सहा फुटी ट्रक ड्रायव्हर गेला, जाड शिशाचं दार लागलं, आणि त्या दारातूनही आवाज बाहेर आला, "डीप ब्रेथ! होल्ड इट!"

"आणि बघा," काका म्हणाले, "ती 'ब्रीद आउट' म्हणेपर्यंत मीसुद्धा बाहेर श्वास रोखून बसलो होतो!"