तिसऱ्या मजल्यावरची पिशवी

मी तिसऱ्या मजल्यावरची पिशवी बोलतेय. जेलरोडला आमच्या इमारतीखालून गेला असाल तर तुम्ही मला पाहिलं असेल. गॅलरीच्या ग्रिलमधून दोरीला बांधून खाली सोडतात, ती निळी, जाड कापडाची. जपून चालत जा, कधीकधी मी लोकांच्या डोक्यावरही उतरते.

जन्माने मी पँट आहे. लंकाबाईंचा मुलगा शेखर कॉलेजात असताना घालायचा ती जीन्स. तो नोकरीला पुण्याला गेला आणि पँट कपाटात राहिली. पुढे लंकाबाईंचे यजमान वारले, मग बाईंचे गुडघे गेले, जिना उतरवेना. तेव्हा तळमजल्यावरच्या रोशनबींनी ती पँट मागून घेतली आणि आपल्या मशीनवर मला शिवलं. आयुष्यभर ब्लाऊज शिवलेला हात, टाका अगदी पक्का. मागचे दोन खिसे त्यांनी मुद्दाम तसेच ठेवले, एकात चिठ्ठी, दुसऱ्यात गोळ्यांचं पाकीट राहावं म्हणून.

खोटं कशाला बोलू, मला माझा फार अभिमान होता. सकाळी दूध, मग पेपर, मग लहानूची भाजी, गिरणीतलं दळण. लहानू हातगाडी उभी करून हाक द्यायचा, "मावशी, सोडा पिशवी," की मी डौलात खाली. चोपन्न पायऱ्यांचं अंतर मी एका मिनिटात कापायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माझी नक्कल केली. हल्ली आमच्या एका इमारतीवर चार पिशव्या लटकतात.

लटकणारच. इमारत झाली तेव्हा सगळी बिऱ्हाडं पस्तिशी-चाळिशीतली होती. लिफ्टचा विषय निघाला तर म्हणाले, कशाला, जिन्याने तेवढाच व्यायाम. हे लंकाबाईच हसून सांगतात, कारण म्हणणाऱ्यांत त्याही होत्या. आता सगळे सत्तरीच्या पुढे गेलेत आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला, एक तर कॅनडात. दुसऱ्या मजल्यावरचे पुंजाभाऊ गेले तेव्हा त्यांना खाली आणायला इमारतीत चार धडधाकट माणसं निघाली नाहीत. कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेतून पोरं बोलवावी लागली. लंकाबाई गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. "मलाबी असंच खाली नेतील," त्या पुटपुटल्या. मी ग्रिललाच होते, म्हणून ऐकलं.

खाली रोशनबींचंही तेच. त्यांना चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. या दोघींची तीस वर्षांची मैत्री. रोजची दुपार एकमेकींकडे निवडणं-टिपणं करण्यात आणि भांडण्यात जायची. मग अडीच वर्षं एक वर, एक खाली, आणि मध्ये मी. वरून भाजलेल्या शेंगा जायच्या, खालून घट्ट झाकणाच्या डब्यात शीरखुर्मा यायचा. बोलायचं तर एकीने मान वर करायची, एकीने खाली. मग दोघींच्या माना दुखायच्या.

शेखर वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. रोज फोन करतो. लंकाबाई त्याला म्हणायच्या, "बाबा, मला खाली न्यायची कायतरी सोय कर. चार माणसांत बसू दे." तो म्हणायचा, "आई, खाली कशाला जायचंय? पडलीस तर तिथे बघणार कोण? सगळं वर येतंय ना पिशवीतून?" इमारतीखाली भरणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, त्यांची पिशवी आहे ना. हे पहिल्यांदा ऐकेपर्यंत मी त्यांचा आधार आहे असं मला वाटत होतं. मी तर त्यांच्या दाराची बाहेरची कडी झाले होते. त्यानंतर लहानूने कितीही ताजी मेथी टाकली तरी मला पूर्वीसारखं मिरवावंसं वाटेना.

मग गेल्या मार्चमध्ये रोशनबी खालून म्हणाल्या, "लंका, रय्यान मला मनमाडला नेतोय. घर विकलं त्याने." रय्यान त्यांचा मुलगा, तिकडे रेल्वेत आहे.

"कधी?"

"रविवारी सकाळी."

लंकाबाई ग्रिलपासून वळल्या. आत गेल्या आणि पुढचे तीन दिवस नागलीचे पापड करत बसल्या.

रविवारी सामानाचा टेम्पो पुढे गेला. रोशनबी गाडीजवळ घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. लंकाबाईंनी पापड माझ्यात भरले आणि दोरी सोडली. मी पहिल्या मजल्याच्याही खाली आले आणि एकदम थांबले. वरून आवाज आला, "नाय. आज ही नाय जायची. मी जाते." दोरीला ग्रिलशी गाठ मारून त्या आत गेल्या. मी तशीच अधांतरी.

आमच्या गॅलरीला लागूनच जिन्याची सिमेंटची जाळी आहे. आधी तिच्यातून नुसता आवाज आला, साडी घासल्याचा आणि धापांचा. मग त्या दिसल्या. बसून उतरत होत्या. हात टेकायचा, खाली सरकायचं, थांबायचं, पुन्हा हात टेकायचा.

खाली रय्यान घड्याळ बघत होता. "अम्मी, चल ना. ऊन वाढतंय."

रोशनबी वर बघत होत्या. गॅलरी रिकामी होती. "लंका रुसली का रे?" त्यांनी विचारलं. मला ओरडून सांगायचं होतं, की रुसली नाही, येतेय, जिन्यात आहे. पण मी पडले पिशवी.

रय्यानने खुर्ची मिटली. रोशनबी गाडीत बसल्या, दार लागलं, गाडी सुरू झाली. तेवढ्यात जाळीतून लंकाबाईंची हाक आली, "रोशन, थांब गं." आवाज तो केवढासा. पण लहानू तिथे भाजी मांडत होता, त्याच्या कानावर गेला. त्याने धावत जाऊन गाडीवर थाप मारली.

रोशनबी उतरल्या. रय्यानच्या खांद्याला धरून, थांबत थांबत जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चढल्या. तिथे लंकाबाई येऊन बसल्या होत्या, घामाने निथळत. रोशनबी त्यांच्या शेजारी टेकल्या.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?" लंकाबाईंनी विचारलं.

"तू वरून बघायचीस. तुला माझी ओढणीच दिसायची," रोशनबी म्हणाल्या.

मग दोघी एकमेकींचे गुडघे दाबत बसल्या. थोडं बोलल्या, बरंचसं रडल्या. रय्यान तोंड फिरवून उभा राहिला, पण पुन्हा घाई केली नाही. मी जाळीबाहेर हातभर अंतरावर होते, पापडांसकट. दोघींनाही माझी आठवण झाली नाही, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू.

गाडी गेली. लंकाबाईंना वर पोहोचायला दुपार झाली. लहानूही साठीचा, कंबर धरलेला. उचलणं त्याच्याच्याने होईना, तो मागे एकेक पायरी बसत नुसता धीर देत आला.

कुणीतरी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या शनिवारी शेखर आला. चिडला नाही. आईच्या सोललेल्या तळहातांना मलम लावलं, लावताना रडला. मग बाजारातून कप्पी आणली, नवी नायलॉनची दोरी आणली, खालून दाबायला बेल बसवली. "आता तुला ओढायलाही जोर लागणार नाही," तो म्हणाला. "आणि आई, पुन्हा जिना उतरलीस तर तुला माझी शपथ आहे."

पोटच्या पोराची शपथ कोणती आई मोडेल? लंकाबाई त्यानंतर उंबऱ्याबाहेर आलेल्या नाहीत.

मी आता कप्पीवरून अलगद जाते-येते. लोक शेखरचं कौतुक करतात. कधीकधी दुपारी, बेल वाजलेली नसताना, लंकाबाई मला रिकामीच खाली सोडतात. दोरी धरून उभ्या राहतात. थोड्या वेळाने ओढून घेतात, आत हात घालून बघतात आणि दोरी गुंडाळून ठेवतात.

माझी शिवण अजून दहा वर्षं हलणार नाही. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत अशी एखादी पिशवी खाली आलेली दिसली, तर तिच्यात भाजी टाकून निघून जाऊ नका. जिना चढून वर जा आणि दार वाजवा. उघडायला वेळ लागेल. थांबा.