माझ्या डोक्यावरचा गंज

मित्रांनो, मी एक जुनी, उघड्या टपाची, खानदानी मोटार आहे. आभाळाखेरीज कोणालाही मी डोक्यावर बसू दिलेलं नाही. दिल्लीतल्या आर. के. पुरमची कबुतरं यात धरलेली नाहीत.

एका परदेशी वकिलातीच्या लिलावातून सुखदेवरावांनी मला आणलं. ते तेव्हा केंद्र सरकारात कारकून होते आणि लग्न नवं होतं. कमलाबाईंना शेजारी बसवून ते इंडिया गेटला निघाले. पण जानेवारीची थंडी होती, म्हणून कापडी टप ओढून घेतला. "पुढच्या वेळी टप उघडून नेतो," ते म्हणाले. पुढच्या वेळी मी सुरूच झाले नाही.

मग क्वार्टरमागच्या जांभळाखाली मी उभी राहिले, ती राहिलेच. टप फाटून गेला. त्याच्या लोखंडी काड्या उरल्या, त्यांवर कपडे वाळू लागले. पाहुणे विचारत, "ही कोणाची हो?" सुखदेवराव जांभळाकडे बघत. माझ्या काड्यांवर मालकांचेच लेंगे लटकत असल्यामुळे उत्तर द्यायची गरज नसे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

"उघड्या गाडीतून फिरवणार होतात ना?" कमलाबाई म्हणत. "गाडी झाली उघडी. फिरणं तेवढं राहिलं."

निवृत्ती जवळ आली तसं सुखदेवरावांनी मनावर घेतलं. क्वार्टर सोडण्याआधी, ऑफिसच्या शेवटच्या दिवशी, कमलाला टप उघडून इंडिया गेटला न्यायचंच. त्यांची मुलगी लुंबिनी गुरुग्रामला नोकरी करते. तिनं जुन्या गाड्या नव्या करणारं नोएडातलं नावाजलेलं वर्कशॉप शोधलं, इंजिन आणि रंगाचं ठरवलं.

"त्यांना सांग, हिच्या डोक्यावर फार गंज आहे," सुखदेवराव म्हणाले. "आणखी तेवढा काढला की पुरे."

"बिल्कुल, पप्पा."

लुंबिनी दिल्लीत वाढलेली. गंज म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हिंदीतला माहीत होता. तिनं वर्कशॉपच्या इंद्रजितला फोनवर सांगितलं, "भैया, पापा कह रहे हैं, गाड़ी के सिर पे गंज है। बस वो हटाना है।"

इंद्रजित सज्जन माणूस. त्यानं मन लावून काम केलं.

निवृत्तीच्या दिवशी मी ऑफिसच्या फाटकाशी उभी होते. नवं इंजिन, लालभडक रंग, वर झाकलेली चादर. साहेब लोक हार घेऊन जमले होते. कमलाबाई गजरा माळून आल्या होत्या. इंद्रजितनं चादर ओढली.

माझ्या डोक्यावर पोलादी छप्पर होतं.

"सर, गंजापन ख़त्म!" इंद्रजित म्हणाला. "वेल्डिंग है। सात जनम नहीं हिलेगा।"

कोणीतरी हसलं. सुखदेवरावांचा हात आपसूक स्वतःच्या टकलावर गेला.

"अगं, गंज म्हणजे जंग!"

"मग जंग म्हणायचं ना, पप्पा!" लुंबिनीचे डोळे भरून आले. "मला वाटलं, टप नाही म्हणून तुम्ही टकली म्हणताय तिला."

मित्रांनो, मुलगी मान खाली घालून, बाप मान खाली घालून. मलाही घालायची होती, पण मान नव्हती. होतं ते वेल्ड केलेलं.

"चला हो," कमलाबाई शेवटी म्हणाल्या आणि दार उघडून आत बसल्या. "तेव्हाही झाकूनच नेलंत. सवय आहे मला."

सुखदेवराव गाडी चालवत होते, पण बायकोकडे बघत नव्हते.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू वापरत राहा. जुने शब्दही वापरत राहा, नाहीतर तेही जागच्या जागी सडतात, आणि मग त्यांची दुरुस्ती नोएडात होते.

इंडिया गेट दिसू लागलं तशा कमलाबाई जरा सावरून बसल्या.

"अहो, वारा लागतोय."

"कुठून?" सुखदेवरावांनी पहिल्यांदाच वळून पाहिलं.

"खालून."

गंज कोणी काढलाच नव्हता, तळाचाही नाही. कमलाबाईंची डावी चप्पल मागे रस्त्यावर पडली होती.