मर्ल टॅल्बटची तांब्याची झारी

जनावरांच्या प्रदर्शनाचा पत्र्याचा मंडप सकाळीच गच्च भरला होता. कॅन्ससमध्ये त्या उन्हाळ्यात पावसाचा टिपूस नव्हता. कृषी विद्यापीठाच्या शेतकरी दिनाला एरवी लोक येत ते फुकटच्या जेवणासाठी. या वेळी ते मेलेली रोपं उठताना पाहायला आले होते.

मंचावर मर्ल टॅल्बट उभा होता. पांढरी टोपी, पांढरे बूट, हातात तांब्याची झारी, मागे तशाच झाऱ्यांचा विकायला मांडलेला ढीग. त्याच्यापुढच्या मोठ्या पेटीच्या झाकणाला भोकं होती आणि त्यांतून काकडीची सहा रोपं माना टाकून लोंबत होती. दहा दिवस त्यांना थेंबभर पाणी मिळालेलं नाही, असं तो सांगत होता. झारीतलं पाणी मात्र साधं नव्हे. ते डावीकडून उजवीकडे घुसळलेलं होतं. आपण ढगात होतो याची त्याला आठवण होती, आणि ती आठवण मुळांच्या कानात सांगितली की पेशी जाग्या होत. मुळांना कान कुठे असतात, हे विचारावंसं कोणालाच वाटलं नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही नाही.

त्यांच्या गप्प बसण्याला कारण होतं. टॅल्बट विभागाला नवं काचघर बांधून देणार होता. त्या बदल्यात त्याला फार काही नको होतं. विभागातल्या कोणीतरी मंचावर येऊन रोपं खरोखर सुकली आहेत एवढं सांगायचं, बस. ज्येष्ठांना आपापल्या नावाची काळजी होती. मग विभागप्रमुख व्हर्जिल प्रॉक्टर यांना आर्डिस क्रेबील आठवली. मुळं पाणी कसं ओढतात, यावर ती कित्येक वर्षं संशोधन करत होती. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. नोव्हेंबरात याच प्राध्यापकांचं मतदान होतं. कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

"दोन वाक्यं बोलायची आहेत, आर्डिस," प्रॉक्टर मंचाच्या पायरीशी तिला म्हणाले. "पानं सुकलीत ना? तेवढंच सांग. खोटं बोल असं कोण म्हणतंय?"

आर्डिस वर गेली. पानं सुकलेली होतीच. पण काचघरात काम करणाऱ्याचा भरवसा पानांवर नसतो. तो कुंडी उचलून बघतो, हलकी लागली तरच पाणी घालतो. ही सवय हातात इतकी मुरते की डोक्याला विचारत नाही. आर्डिसने झाकणाच्या भोकातून एक कुंडी वर उचलली.

"पेटीला हात नको, पोरी," टॅल्बट गोड आवाजात म्हणाला. "मुळांची समाधी मोडेल."

कुंडी जड होती, चांगली निथळत होती. आणि गार. बर्फातून काढलेल्या बाटलीसारखी गार. आर्डिसला सगळा प्रकार एका क्षणात कळला. पुढच्याच क्षणी नोव्हेंबर आठवला.

तिने माइक हातात घेतला. "रोपं सुकलेली आहेत," ती म्हणाली. प्रॉक्टरांनी टाळ्यांसाठी हात उचलले. "पण सहापैकी दोन कुंड्यांना यांचं पाणी घालू नका. त्या तशाच ठेवू, आणि जेवणानंतर सगळ्या बघू."

टॅल्बटला हे पटेना. झारीतल्या पाण्याची कंपनं शेजारच्या कुंड्यांनाही लागतात, म्हणून अशी तुलनाच करता येत नाही, असं तो समजावू लागला.

जेवणातल्या गोड पदार्थांचं टेबल सांभाळणारी लिओना उनरू मागून ओरडली, "मग एकच झारी घेऊ की रे, मर्ल! साऱ्या जिल्ह्याला पुरेल."

मंडप खदखदला. टॅल्बटला हसावंच लागलं. लिओनाने दोन कुंड्या उचलून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या टेबलावर नेल्या आणि माशा मारायची काठी घेऊन शेजारी बसली. उरलेल्या चौघींना टॅल्बटने पेटीतून बाहेर काढलं आणि डोळे मिटून, पुटपुटत, झारीने न्हाऊ घातलं.

जेवताना प्रॉक्टर आर्डिसच्या शेजारी येऊन बसले. काचघर गेलं तर विभाग कोणाला जबाबदार धरेल, हे त्यांनी तोंडातला घास चावत, अगदी मायेने सांगितलं. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. मागच्या कुंड्यांचा विषय सोडून दे.

जेवणं उरकली तेव्हा टॅल्बटची चारही रोपं ताठ उभी होती. लोक टाळ्या वाजवत उठले, काहीजण झाऱ्यांच्या ढिगाकडे निघालेसुद्धा. प्रॉक्टर आर्डिसकडे बघत होते. ती उठली आणि तिने लिओनाला हाक मारली.

लिओना गर्दीतून वाट काढत आली. तिच्या दोन्ही कुंड्यांतली रोपंही ताठ होती.

"एक थेंब घातला नाही," ती म्हणाली. "कोणाला जवळ फिरकू दिलं नाही."

"बघा, आठवण तिथवर पोचली!" टॅल्बट म्हणाला, आणि दोन-चार माना खरंच डोलल्या. आर्डिसने पेटी लवंडली. बर्फाचे खडे आणि पाणी मंचभर पसरलं. पांढरे बूट टुणकन मागे सरले.

"माती आधीपासूनच ओली होती," ती म्हणाली. "काकडीची मुळं बर्फात ठेवली की त्यांना पाणी ओढता येत नाही. पानं मात्र गरम हवेत पाणी सोडतच राहतात, म्हणून माना पडतात. कुंडी बाहेर काढली, मुळांना ऊब मिळाली, की पाणी आपोआप वर चढतं. दर वर्षी मी नव्या मुलांना हा प्रयोग दाखवते." तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "यांनीही दाखवलाय."

लिओना त्या रांगेकडे वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

कोणी घसा खाकरला, कोणी चष्मा पुसला.

नोव्हेंबरात मतदान झालं, अर्थात गुप्त. आर्डिसच्या संशोधनाची स्तुती करून तिला निरोप देण्यात आला. सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची वृत्ती नाही, हे कारण. टॅल्बट शेजारच्या राज्यात गेला. तिथेही मंडप भरतात म्हणे, आणि पहिल्या रांगेला माणसं मिळतात.

तेव्हा कोणी तुमच्यासमोर मेलेलं उठवून दाखवलं, तर उठलेल्याकडे बघत बसू नका. ज्याला हात लावलेला नाही असं त्याच्या जोडीचं कुठे ठेवलंय, ते विचारा. ठेवलेलंच नसेल, तर पाकीट सांभाळून घरी जा. आणि शेजारी कोणी पदवीधर मान डोलवत उभा असेल, तर त्याला यात काय मिळणार आहे, तेही विचारा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.